काकासाहेबांना माहीत नव्हतं

साळूबाई मोंढ्यातल्या आडतीवर आली तेव्हा नानासाहेब फोनवर मुंबईच्या दलालाशी भांडत होते. ती कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीला टेकून उकिडवी बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. नानासाहेबांनी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. भांडण संपलं, पलीकडच्यानं फोन ठेवला, तरी हे आपले रिकाम्या फोनमध्ये हूं हूं करत राहिले. माणूस मोठा झाला की असल्या युक्त्या त्याला कुणी शिकवाव्या लागत नाहीत.

शेवटी फोन ठेवावाच लागला.

"नानासायेब, त्यो अरब यायलाय म्हनं," साळूबाई म्हणाली.

"उद्या येतोय."

"मंग माझ्या रामकिसनाचं काढा की त्याच्यापाशी. तुमचं लई वजन हाय त्याच्याजवळ. समदं गाव म्हनतं."

रामकिसन तिचा एकुलता एक. नानासाहेबांच्याच गावचा, वैजापूरकडचा. त्यांच्याच ट्रकवर गाडी चालवायला शिकला आणि जेद्दाला गेला तोही त्यांच्याच ओळखीनं. तिथं पाण्याचा टँकर चालवायचा. एक दिवस टँकर मागं घेताना एक तरुण पोरगा चाकाखाली आला आणि जागीच गेला. दारू नव्हती, भांडण नव्हतं. आरशात दिसला नाही एवढंच. पण त्या मुलखात मेलेल्याच्या रक्तावर हक्क त्याच्या घरच्यांचा. त्यांनी भरपाई घ्यावी नाहीतर माफ करावं, मग कोर्ट सोडतं. पोराचा म्हातारा बाप यातलं काहीच करत नव्हता. भरपाई मागत नव्हता, माफही करत नव्हता. "बसू द्या त्याला आत," एवढंच म्हणायचा. रामकिसन दोन वर्षं आत बसला होता आणि म्हाताऱ्याच्या मनात असेपर्यंत बसणार होता.

साळूबाईनं काय केलं नाही? तहसील झालं, कलेक्टर कचेरी झाली, आमदाराच्या दारात बसून झालं. दिल्लीहून एक कागद आला, त्यात लिहिलं होतं की प्रकरण त्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालू आहे. म्हणजे सरकारनं हात वर केले, फक्त शिक्का मारून. कचेरीतल्या एका साहेबानं मात्र नानासाहेबांना बोलावून चहा पाजला आणि दार लोटून घेतलं. "सरकारनं मागितलं तर तिकडचे लोक नाही म्हणू शकतात," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या त्या अरबाकरवी घरोब्यानं मागितलं तर त्यांना नाही म्हणणं जड जाईल. बघा जमलं तर. आम्ही काही सांगितलं नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

असल्या कामाला नानासाहेब नवे नव्हते. हजला गेलेल्या कुणाचा पासपोर्ट हरवला, गुलमंडीतल्या कापडवाल्याच्या भाच्याला तिकडच्या मालकानं डांबून ठेवलं, की लोक त्यांच्याकडे यायचे. हे जेद्दाला त्याच अरबाला, सालेहला, फोन लावायचे आणि चार दिवसांत काम व्हायचं. मोंढ्यात त्यांना थट्टेनं कांद्याचा वकील म्हणत. थट्टा त्यांना आवडायची. पण रामकिसनाचं काम फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हातारा सालेहच्या बायकोचा सख्खा मामा होता. सालेहनं जाऊन शब्द टाकला तर त्याला मोडता आला नसता. आणि म्हणूनच सालेहला तो शब्द टाकायला सांगणं म्हणजे त्याला स्वतःच्या घरात वाईट व्हायला सांगणं होतं. दोन वर्षं नानासाहेब "विचारतो, विचारतो" म्हणत टाळत आले होते.

दुसरंही कारण होतं, आणि ते पहिल्याहून मोठं होतं. सालेह दरसाल त्यांचा सगळा कांदा उचलायचा. परवाना सरकारी, जहाज सरकारनं ठरवलेलं, पण माल कुणाचा घ्यायचा हे तिकडचा व्यापारीच सांगायचा. यंदा नाशिककडचे व्यापारी सालेहच्या मागं लागले होते, भाव पाडून द्यायला तयार होते. सालेह त्यांच्याकडे गेला असता तर आडत बसली असती.

आशाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, रात्री जेवताना सरळ सांगितलं, "आधी सौदा उरका. मग रामकिसनाचं काढा. दोन्ही एकदम मागाल तर तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं व्हायचं."

नानासाहेबांना ते पटलं. पटणारच होतं.

आता हा सालेह कोण, ते सांगायला हवं. लोकांना वाटे, जेद्दाचा अरब, कुठून तरी ओळख झाली असेल. सालेह या मातीतला होता. त्याचा बाप अवद चाऊस नानासाहेबांच्या घरचा राखणदार, आणि अवदचा बापही तेच. निजामाच्या काळात अरबस्तानातल्या हद्रमौतहून आलेली ही अरब माणसं. मोठ्या शेतकऱ्यांच्या दारावर कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा सुरा, लावून बसायची. तीन पिढ्यांत त्यांची बोली इथली झाली होती, पण काही रिवाज त्यांनी सोडले नव्हते. अवद सुंठ घातलेला कहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, करायचा आणि लहानग्या नानाला मांडीवर घेऊन आपल्या मुलखाच्या गोष्टी सांगायचा.

त्यातली एक गोष्ट अशी. त्यांच्यात कुणाला फार मोठं मागणं मागायचं असलं, जीव वाचवायचा असला, तर तो तोंडानं आधी काही बोलत नाही. ज्याच्याकडे मागायचं त्याच्या घरी जातो, कहव्याचा प्याला पुढं आला की तो खाली ठेवतो आणि पीत नाही. घरमालकानं ओळखायचं. "पी, तुझं काम झालं," असं त्यानं म्हटलं की मगच प्याला उचलायचा. प्याला तसाच गार झाला तर ती नामुष्की मागणाऱ्याची नाही, घराची. ही गोष्ट नानाचे वडील काकासाहेब यांनीही ओट्यावर बसून कितीदा ऐकली होती.

रझाकारांच्या दिवसांत हाच अवद काकासाहेबांच्या दारात उभा राहिला होता. "या घराला हात लावायचा तर आधी मला," असं त्यानं आपल्याच धर्माच्या माणसांना सुनावलं होतं आणि ती माणसं परत गेली होती. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, लष्कर आलं आणि अरबांना गोळा करून छावणीत न्यायला सुरुवात झाली. छावणीतून मुंबई, मुंबईहून बोटीनं एडन. ज्याच्यासाठी गावातला कुणी वजनदार माणूस उभा राहिला, असे थोडे मागं राहिले.

त्या दिवशी अवद दारात आला. त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला कप होता, त्यात चहा दिला. त्यानं कप पायरीवर ठेवला आणि हात गुडघ्यांवर घेऊन बसून राहिला. चौदा वर्षांचा नाना आत आईजवळ उभा होता. काकासाहेब आत आले आणि हलक्या आवाजात आईला म्हणाले, "तो पिणार नाही. मी शब्द दिल्याशिवाय पिणार नाही. आणि शब्द दिला तर उद्या गाव म्हणेल, रझाकाराला पाठीशी घातलं."

मग ते बाहेर गेले, आपला चहा घेतला आणि काहीच ठाऊक नसल्यासारखं म्हणाले, "अहो चाऊस, चहा गार झाला की. प्या."

अवदनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठला आणि गेला. बायको आणि नऊ वर्षांच्या सालेहला घेऊन तो कायमचा गेला. काकासाहेब त्यानंतर कितीतरी वर्षं जगले, पण या गोष्टीबद्दल घरात कधी अक्षर निघालं नाही. त्यांना दुष्ट म्हणवत नाही. ते भ्याले होते, आणि भ्यालेल्या माणसाच्या हातून जे होतं ते झालं. पण झालं ते झालंच.

सालेह पुढं जेद्दात मोठा व्यापारी झाला. मुंबईच्या बाजारात गोण्यांवर आपल्या गावाचं नाव वाचून तो शोधत शोधत मोंढ्यात आला होता. नानासाहेबांना पाहून रडला होता. तेव्हापासून कांदा त्यांचाच. त्यानं जुनी गोष्ट कधी काढली नाही, यांनीही काढली नाही. त्याचं मराठी मात्र नऊ वर्षांच्या पोराचंच राहिलं होतं. एवढा दाढीवाला, किमती घड्याळवाला माणूस "मला लई भूक लागली" असं पोरासारखं म्हणायचा तेव्हा आशाबाईंना हसू आवरायचं नाही.

तो आला की शहरातल्या किराडपुऱ्यात, मागं राहिलेल्या चुलत भावाकडे उतरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब तिथं गेले. खिशात कांद्याच्या दराचं गणित होतं, डोक्यात आशाबाईंचा सल्ला. घरातून निघताना साळूबाई फाटकाशी बसलेली दिसली होती. यांना पाहून ती उठून उभी राहिली.

सालेहनं मिठी मारली. गादीवर बसवलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यानं आपणहून विषय काढला.

"नाना, नाशिकवाले फार सस्ता देतात. भाऊ म्हनतो, त्यांचा घे. मी काय करू, तू सांग."

 हीच वेळ होती. नानासाहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून कहवा आला. सुंठीचा वास आला आणि त्यांना अवदची मांडी आठवली, पायरी आठवली, फाटकाशी उभी असलेली साळूबाई आठवली. ती तरी दुसरं काय करत होती? दोन वर्षं ती त्यांच्या दारात आपला प्याला ठेवून बसली होती आणि ते फोनमध्ये हूं हूं करत होते.

त्यांनी प्याला घेतला आणि सतरंजीवर आपल्यासमोर ठेवला. हात गुडघ्यांवर घेतले.

सालेह बोलता बोलता थांबला. प्याल्याकडे पाहिलं, मग नानासाहेबांच्या तोंडाकडे.

"सौद्यासाठी?" त्यानं विचारलं.

"नाही. सौद्याचं तुझ्या मनात येईल ते कर. माझ्या गावचा एक पोरगा तिकडं आत आहे. रामकिसन. तुझ्या मामासासऱ्याचा पोरगा त्याच्या टँकरखाली गेला."

 सालेहचा भाऊ उठून आत निघून गेला. सालेहनं दाढीवरून हात फिरवला आणि फिरवतच राहिला.

"एकच पोरगा होता मामूचा," तो म्हणाला.

"त्याच्या आईलाही एकच आहे."

 कहव्यावरची वाफ कमी कमी होत गेली. मग सालेह सावकाश म्हणाला, "नाना, हा रिवाज तुला कोनी शिकवला?"

 आपण काय करून बसलो ते नानासाहेबांना त्या क्षणाला कळलं. रामकिसनासाठी प्याला ठेवला, आणि ठेवताना आपल्याच घराचं कुलूप आपल्या हातानं काढून दिलं.

"का विचारतोस?"

"माझ्या अब्बानं तुमच्या दारात कप ठेवला होता." सालेहचा आवाज चढला नाही, तो उलट खाली गेला. "तुला माहीत नसंल. तिकडं हद्रमौतला, मुकल्लात, मरताना पन अब्बा तेच बोलत होता. म्हनायचा, काकासाहेबाला आपला रिवाज ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर त्यानं मला जाऊ दिलं नसतं. चूक माझी, म्हनायचा. मी जिभेनं मागायला पाहिजे होतं. मी अब्बासंगं भांडायचो. म्हनायचो, त्याला समदं माहीत होतं, तू येडा हायस. अब्बा मेला तेव्हा मी त्याला म्हनलो, बरं, नव्हतं माहीत. तेवढ्यावर मी इथं आलो, नाना. तेवढ्यावर तुझा कांदा घेतो." त्यानं बोट प्याल्याकडे केलं. "आता तू हा ठेवला. मंग तुमच्या घरात माहीत होतं का? खरं सांग."

खरं सांगायची अशी वेळ माणसाच्या आयुष्यात एकदाच येते. नानासाहेबांना खरं सांगायचं होतं. चौदाव्या वर्षापासून ते गळ्याशी येऊन बसलं होतं. सांगून टाकलं असतं, पाय धरले असते, त्यानं शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, आडत बसली असती तरी छाती मोकळी झाली असती. पण मग रामकिसनाचं काय? ज्या घरानं अवदचा प्याला गार होऊ दिला, त्या घराच्या माणसाला सालेहनं "पी" का म्हणावं? आपली छाती मोकळी करायची आणि किंमत साळूबाईच्या पोरानं भरायची, हा कुठला न्याय?

"मुंबईला शिकलो," नानासाहेब म्हणाले. "दोन-तीन वर्षं झाली. एका कुवेतच्या व्यापाऱ्याकडं असंच पाहिलं. त्यानं सांगितलं."

"काकासाहेबाला?"

"वडलांना माहीत नव्हतं," नानासाहेब म्हणाले. "त्यांना वाटलं, चाऊस रागावलेत."

सालेहनं डोळे मिटले. एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे एकदम खाली आले. तो काहीतरी अरबीत पुटपुटला, त्यात अब्बा हा एवढाच शब्द नानासाहेबांना कळला. मग त्यानं पुढं होऊन तो प्याला स्वतःच्या हातानं उचलला आणि नानासाहेबांच्या हातात दिला.

"पी नाना. तुझं काम झालं. मी मामूच्या पायावर पडेन. तो मला नाही म्हननार नाही."

कहवा गार झाला होता. नानासाहेब तो प्यायले.

सौदाही झाला. सालेहनं नाशिकवाल्यांचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाही, उलट यंदा जास्त माल मागितला. नानासाहेबांना वाटलं होतं, आपण रामकिसनासाठी खोटं बोललो. आता त्याच खोट्यावर त्यांच्या गोण्याही लादल्या जाणार होत्या. एकातून दुसरं वेगळं काढून दाखवायची सोय राहिली नव्हती. ते नको म्हणू शकत होते, पण का नको, हे काय सांगणार?

उठताना सालेह म्हणाला, "उद्या मला गावाला ने. काकासाहेब जिथं हाय तिथं."

"कशाला? ऊन फार आहे."

"ने म्हनतो ना."

काकासाहेबांची समाधी मळ्यात होती, विहिरीच्या वरच्या अंगाला. सकाळी ते दोघं तिथं पोचले तेव्हा साळूबाई आधीच येऊन झाडलोट करून बसली होती. नानासाहेबांनी तिला आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की काम झालं, सालेह माघारी गेला की महिन्या-दोन महिन्यांत पोरगा सुटेल. तिनं सालेहला पाहून जमिनीला डोकं टेकवलं. सालेह गोंधळला, "उठ, उठ माय," म्हणत मागं सरला.

मग त्यानं बूट काढले, मोजे काढले आणि तापलेल्या दगडांवरून समाधीपाशी गेला. नानासाहेबांना वाटलं, हात उचलून काही दुआ म्हणेल आणि परत फिरेल. तो तिथं पोरासारखा उभा राहिला, हात पुढं घट्ट धरून, आणि त्याच्या त्या नऊ वर्षांच्या मराठीत बोलू लागला.

"काका, मी सालेह. अवदचा. मी तुमाला लई शिव्या देल्या काका. लई वर्सं देल्या. बोटीवर देल्या, मुकल्लात देल्या. मी म्हनायचो, काकानं मुद्दाम केलं. माझं चुकलं. तुमाला माहीत नव्हतं. मला माफ करा."

नानासाहेब मागं उभे होते. ओठांपर्यंत शब्द आले, आणि त्यांनी ते दातांखाली धरले. रामकिसन अजून आतच होता. हा माणूस अजून विमानात बसायचा होता, मामाच्या पायावर पडायचा होता. आज नाही. उद्याही नाही. आणि एकदा रामकिसन सुटून आला, की मग सालेहच्या या माफीचं काय करायचं? ती परत कशी घ्यायला लावायची? हे आता कधीच सांगता येणार नाही, हे त्यांना तिथं उन्हात उभं राहून पुरतं कळलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसलीही नाही.

सालेह वाकला, दगडाला हात लावला, तो हात छातीवर ठेवला आणि बूट हातात घेऊनच गाडीकडे चालू लागला.

साळूबाई नानासाहेबांच्या जवळ आली. तीही रडत होती. बापाच्या आठवणीनं मालकाला रडू आलं, असंच तिला वाटलं असणार. समाधीवरचं एक वाळकं पान तिनं उचलून टाकलं.

"माझं लेकरू सुटतंय ते ह्यांच्यामुळंच, नानासायेब," ती म्हणाली. "मोठ्या मालकाची पुण्याई."

 ती नानासाहेबांच्या तोंडाकडे बघत होती. वाट बघत होती.

"व्हय," ते म्हणाले. "त्यांचीच पुण्याई."